कानशिलावरचं बोट

"तपासणीचे साहेब येईपर्यंत माझा तिसरीचा वर्ग नुसता वाचणार नाही, वाचलेलं समजून सांगेल! नाही सांगितलं, तर वाचनाचा तास खुशाल काढून घ्या माझ्याकडून!"

हे वाक्य हळूबाईंच्या तोंडून बाहेर पडलं आणि शिक्षकखोलीत चहाचे कप हवेतच थांबले. वाक्यात विशेष काही होतं अशातला भाग नाही. हळूबाईंचं वाक्य खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं, हेच विशेष होतं!

हळूबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. आवाज इतका मऊ, की हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरची मुलं ओठ बघून 'हजर' म्हणायची. शिवाय बाईंचा एक नेम होता. रोज सकाळी देवापुढे हात जोडून त्या एकच मागणं मागायच्या: आज माझ्या तोंडून कुणाचं मन दुखेल असा शब्द जाऊ नये. हा नेम त्या लग्नाच्या आधीपासून पाळत होत्या आणि लग्नानंतर तर त्याची फारच गरज पडली. पाळायची युक्ती सोपी होती. मनात येईल ते गिळायचं. इतक्या वर्षांत बाईंनी गिळलेले शब्द एका ठिकाणी ठेवले असते, तर शाळेचं मैदान पुरलं नसतं.

पण त्या दिवशी गोष्टच तशी घडली होती. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, चाचणीचे कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिसरीची मुलं वाचतात झकास, पण समजत काडीचंही नाही. वाचनाचा तास यापुढे ह्यांच्याकडे द्यावा म्हणते."

'ह्या' म्हणजे शेजारच्या वर्गाच्या बाई. मुलांच्या भाषेत छापखानाबाई. त्या फळ्यावर उत्तरं लिहायच्या, मुलं ती उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत पुन्हा जशीच्या तशी उतरवायची. एकदा फळ्यावर घाईत 'हत्तीला दोन पाय असतात' असं लिहिलं गेलं, तर सबंध वर्गाचे हत्ती परीक्षेत दोन पायांवर उभे राहिले!

छापखानाबाई चहा ढवळत म्हणाल्या, "द्या माझ्याकडे. समजायचं काय घेऊन बसलात? पाठ झालं की समजलंच."

हळूबाईंच्या डोळ्यांपुढे त्यांच्या वर्गातली एक मुलगी आली. सगळे तिला सुसाट म्हणत. वाचायला उभी राहिली की स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, श्वाससुद्धा नाही! धडा संपायचा तेव्हा ऐकणाऱ्यालाच धाप लागायची. बाईंनी एकदा विचारलं होतं, "छान वाचलंस गं. काय झालं गोष्टीत?" सुसाटने जरा विचार केला आणि म्हणाली, "संपली, बाई."

ही पोर छापखान्यात गेली, तर गोष्ट म्हणजे काय हे तिला जन्मभर कळायचं नाही. या विचारानेच हळूबाईंच्या तोंडून ते वाक्य सुटलं. आणि एकदा सुटलेलं वाक्य गिळायची युक्ती त्यांना ठाऊक नव्हती.

*

बाईंची हिंमत अगदीच हवेत नव्हती. नुकत्याच त्या एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. बाकीचे सगळे जेवणाच्या सुट्टीची वाट बघत असताना बाई एकट्या मन लावून ऐकत होत्या. तिथल्या शिक्षिका म्हणाल्या होत्या, "चांगला वाचक वाचताना मनात सारखा बोलत असतो. हे असं का? पुढे काय होईल? मला कळलं का? पण हे मुलांना दिसत नाही. त्यांना वाटतं, मोठ्यांना सगळं आपोआप कळतं. म्हणून वाचताना मध्येच थांबा आणि आपल्या मनातलं त्यांना ऐकू येईल असं बोला!"

बाईंनी त्यात स्वतःची भर घातली. मुलांचा गोंधळ नको, म्हणून खूण ठरवली. बोट कानशिलाला लागलं की वाचन थांबलं, आता मनातलं मोठ्याने. बोट खाली आलं की पुन्हा वाचन.

पहिल्याच दिवशी त्यांनी वाचलं, "एका मुलाने सकाळी छत्री नेली. संध्याकाळी तो चिंब भिजून, हसत हसत घरी आला." आणि बोट कानशिलाला! "अगंबाई! छत्री होती, मग भिजला कसा? हरवली असेल? पण हरवली तर हसेल कशाला? मला नाही बाई कळलं. थांबा, मागे जाऊन पुन्हा वाचते."

वर्ग आ वासून बघत राहिला. एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, तुम्हालासुद्धा कळत नाही?"

"पहिल्यांदा नाही कळत कधी कधी. मग मी मागे जाते."

एवढं ऐकलं आणि वर्गाला पंख फुटले! भराभर बोटं कानशिलांना लागली. कुणी म्हणालं छत्री फाटली असेल, कुणी म्हणालं मित्राला दिली असेल, कुणी म्हणालं त्याला भिजायचंच होतं, छत्री आईच्या समाधानासाठी. आणि सुसाट? ती नेहमीसारखी सुसाट निघाली, 'चिंब'पाशी आली आणि कचकन थांबली. बोट कानशिलाला लावून बराच वेळ उभी राहिली. मग एकटीच खुदकन हसली.

"काय गं?"

"बाई, त्याने छत्री दिली असेल कुत्र्याच्या पिल्लाला. म्हणून हसतोय. पिल्लू कोरडं आहे!"

गोष्टीत पिल्लू नव्हतं. पण सुसाट पहिल्यांदाच गोष्टीच्या आत शिरली होती. त्या दिवशी हळूबाई घरी चालत गेल्या, असं म्हणायचं म्हणून म्हणायचं. पाय जमिनीला लागत नव्हते.

*

अडचण झाली ती इथून पुढे. बोटाला सवय लागली!

रोज वर्गात तासन्‌तास ते बोट वर-खाली व्हायचं. घरी आल्यावर त्याला कोण सांगणार, की आता शाळा सुटली? बाईंनी काहीही मोठ्याने वाचायला घेतलं, की बोट आपलं निघालं कानशिलाकडे. आणि बोटामागून तोंड!

एका संध्याकाळी सासूबाईंनी फोन पुढे केला. "बघ गं, तुझ्या नणंदेचा निरोप आलाय. माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे. वाच जरा मोठ्याने."

बाईंनी वाचलं, "रविवारी दोन दिवसांसाठी येते. माझ्यासाठी काही विशेष करू नका."

आणि बोट गेलं वर.

"'विशेष करू नका' असं का बरं म्हटलं असेल? मागच्या वेळी केलेलं आवडलं नसावं. 'दोन दिवस'... हं. मागच्या खेपेलाही दोनच दिवस होते. टूथपेस्टची नवी कोरी ट्यूब संपवूनच गेल्या होत्या वन्सं. म्हणजे दोन दिवसांचा अर्थ मागच्या अनुभवावरून लावायला हवा!"

बोट खाली आलं.  नवऱ्याने वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. उलटं.

"अगं," वर्तमानपत्रामागून आवाज आला, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

 सासूबाई जागच्या उठल्या आणि आत जाऊन चष्मा घेऊन आल्या. तो कपाटात त्यांच्या हाताशीच होता. यापुढे घरातलं वाचन त्या स्वतः करणार, हे उघड होतं.

हळूबाई रडकुंडीला आल्या. इतक्या वर्षांचा नेम, आणि एका बोटाने मोडला! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवापुढे हात जरा जास्तच घट्ट जोडले. निदान तेवढा वेळ तरी बोट अडकून राहील!

शाळेत आल्या तर शिक्षकखोलीच्या फळ्यावर मोठ्या बाईंची नवी सूचना. मोठ्या बाईंना सूचना लिहिण्याची अतोनात हौस. अक्षर मोत्यासारखं, पण वाक्यं अशी, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हावी. छापखानाबाई म्हणाल्या, "अहो, वाचा ना जरा मोठ्याने. माझे हात खडूचे आहेत, चष्मा लावता येत नाही."

हळूबाई वाचू लागल्या. "सर्वानुमते असे ठरविण्यात आले आहे, की सर्वांच्या सोयीच्या दृष्टीने शनिवारची बैठक शाळा सुटल्यानंतर घेण्यात येईल."

आणि गेलं बोट!

"'सर्वानुमते'? मला तर कुणी विचारलं नाही. यांना विचारलं असेल का? यांचं तोंड बघून तसं वाटत नाही. 'सर्वांच्या सोयीच्या'... शाळा सुटल्यावर कुणाची बरं सोय होत असेल? जिचं घर शाळेला लागून आहे तिची! म्हणजे..."

"म्हणजे काय, बाई?"

मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांचं घर शाळेला लागून होतं.

*

मोठ्या माणसांचं हे, तर मुलांचं काय विचारता! बाईंनीच सांगितलं होतं, "घरी, रस्त्यात, दुकानात, जे दिसेल ते वाचा आणि मनातलं बोला." मुलं गुणी. त्यांनी तसंच केलं.

आठवडा संपायच्या आत शाळेच्या व्हरांड्यात पालकांची रांग लागली. पुढे होते किराणा दुकानदार.

"बाई, हे काय शिकवलंय तुम्ही? माझ्या दुकानावर पाटी आहे, 'रोज ताजा माल'. काल दुकानात भर गर्दी. माझं पोरगं पाटीखाली उभं राहिलं, कानशिलाला बोट लावलं आणि म्हणालं, 'रोज ताजा माल. मग कालचा उरलेला माल कुठे जातो?' गिऱ्हाईकं हातातला माल हुंगायला लागली हो!"

मागून शिंपीकाका सरसावले. "तुमचं तरी बरं! माझ्याकडे लिहिलंय, 'वेळेवर काम, हीच आमची ओळख'. पुतणी म्हणते, 'मग ते काका रोज येऊन ओरडतात ते ओळख नसल्यामुळे का?' ते काका समोरच उभे!"

तिसऱ्या पालकांनी आधी टोपी नीट केली आणि आवाज खाली आणला. "बाई, बाटलीवर लिहिलं होतं, 'पंधरा दिवसांत केस उगवतील'. पोरीने ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मोरीत रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. बोलली काहीच नाही, नुसतं बोट लावून 'अरेरे' म्हणाली! बोलली असती तरी चाललं असतं!"

हळूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "चुकलंच. पण ती... वाचतात ना आता?"

"वाचतात!" दुकानदार ओरडले. "तेच तर सांगतोय! आधी नुसता वाचायचा, काही त्रास नव्हता. आता वाचतो आणि विचारही करतो! घरात वावरायचं कसं माणसानं?"

एवढं बोलून ते पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर थबकले आणि मागे न बघता पुटपुटले, "पाटी मात्र पहिल्यांदाच वाचली त्याने. तीन वर्षं तिच्याखालूनच शाळेत जातोय."

मोठ्या बाईंनी मात्र शेवटच्या पायरीवरचं ऐकलं नाही. त्यांनी फक्त रांग पाहिली. हळूबाईंना बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "सोमवारी साहेब येताहेत. त्या दिवशी तुमच्या वर्गात कुणीही विचार करणार नाही! केलाच तर मनातल्या मनात. साहेबांसमोर एका पोराने जरी मनातलं बाहेर काढलं, तर वाचनाचा तास गेला म्हणून समजा. त्यांना पेरूच्या फोडीसारखी स्वच्छ उत्तरं हवीत."

छापखानाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सोमवारनंतरच्या वेळापत्रकात वाचनाचा तास पेन्सिलीने लिहूनसुद्धा टाकला होता.

बाईंनी वर्गाला सांगितलं, "बाळांनो, सोमवारी समोर कानशिलाला बोट लागलेलं दिसल्याशिवाय कुणी मनातलं बोलायचं नाही. कळलं?"

"हो, बाई!"

आणि आपल्या बोटाची खात्री नव्हती म्हणून त्यांनी ठरवलं, की सोमवारी एका हातात खडूचा डबा आणि दुसऱ्या हातात डस्टर धरून उभं राहायचं. हात रिकामा नाही, तर बोट जाणार कुठून?

*

सोमवारी शाळा अशी चकाचक, की मुलं ओळख पटेना म्हणून फाटकाशीच थांबली. मोठ्या बाईंनी व्हरांड्यातला लाकडी बाकसुद्धा हिरवागार रंगवून घेतला होता. रंगारी सकाळीच काम संपवून गेला होता. रंग अजून ओला. कुणी बसू नये म्हणून मोठ्या बाईंनी समोरच्या खांबावर स्वहस्ते सूचना लावली. मजकूर भरपूर, कागद लहान, म्हणून अक्षरही मुंगीएवढं.

साहेब ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. मोठ्या बाई तेव्हा फाटकाशी हार घेऊन उभ्या होत्या आणि साहेब मागच्या दाराने आले होते! फिकट रंगाची पँट, इस्त्रीचा सदरा. चष्म्याची एक काडी सैल झालेली, त्यामुळे चष्मा सारखा घसरायचा. व्हरांड्यात त्यांना खांबावरचा कागद दिसला. वाचायला गेले तर अक्षर बारीक आणि मजकूर लांब. उभ्याने वाचून होण्यासारखा नव्हता. म्हणून ते समोरच्या बाकावर ऐसपैस टेकले, चष्मा सावरला आणि सूचना शांतपणे वाचू लागले.

तिसरीच्या वर्गाच्या खिडक्या व्हरांड्याकडे उघडत. सगळ्या वर्गाने हे पाहिलं. डोळे विस्फारले, तोंडं उघडली, आणि दुसऱ्या क्षणाला सगळ्यांनी दोन्ही हातांनी आपापली तोंडं दाबून धरली. कारण कानशिलाला बोट लागलेलं नव्हतं!

हळूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून फळा पुसत होत्या. वळून पाहतात, तर वर्ग चिडीचूप. 'किती गुणी माझी लेकरं!' त्यांच्या मनात आलं. हातात डस्टर होतं म्हणून मनातच राहिलं.

थोड्या वेळाने साहेब वर्गात आले. त्यांच्या पुढे धावतपळत मोठ्या बाई, हार हातातच. त्यांच्याही पुढे छापखानाबाई. साहेबांच्या मागे कुणीच नव्हतं. साहेबांनी फळ्याकडे तोंड केलं आणि लिहिलं:

'काका रोज सकाळी खिडकीत दाणे ठेवत. संध्याकाळी खिडकी रिकामी असे. आज दाणे तसेच राहिले. काकांनी मांजराकडे रागाने पाहिले.'

लिहिताना त्यांची पाठ वर्गाकडे होती. पाठीवर हिरवे पट्टे, पँटीवर हिरवे पट्टे, अगदी बाकाच्या फळ्यांच्या मापाचे. वर्गातून एक बारीक चित्कार आला आणि तिथेच दाबला गेला. मोठ्या बाईंची नजर मुलांवर रोखलेली, हळूबाईंची मोठ्या बाईंवर, आणि छापखानाबाईंची वेळापत्रकावर.

"सांगा बरं," साहेब वळून म्हणाले, "आज दाणे तसेच का राहिले?"

एक मुलगा उठला. "आज दाणे तसेच राहिले कारण... आज दाणे तसेच राहिले."

"तू सांग."

"काकांनी मांजराकडे रागाने पाहिले म्हणून दाणे तसेच राहिले."

"अरे, पण का? तू, बाळ?"

सुसाट उभी राहिली. ओठ हलले. तिने हळूबाईंच्या हाताकडे पाहिलं. हातात डस्टर. ती म्हणाली, "माहीत नाही, साहेब." आणि तिचे डोळे भरून आले. कारण तिला माहीत होतं!

हळूबाईंचं काळीज तुटलं. छापखानाबाईंनी पेन्सिल खिशात घालून पेन काढलं.

साहेबांनी निराशेने मान हलवली. मान हलली, तसा चष्मा घसरला. चष्मा घसरला, म्हणून साहेबांनी बोट उचललं आणि सैल काडी कानशिलाशी दाबून धरली.

वर्गाने बोट पाहिलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बोट बाईंचंच हवं, असं काही बाई म्हणाल्या नव्हत्या!

धरण फुटलं!

"मांजराने चिमणीला खाल्लं!"

"खाल्लं नाही, ती घाबरून आलीच नाही!"

"गोष्टीत चिमणी कुठे आहे? शब्दच नाहीये!"

"दाणे खिडकीत ठेवतात, म्हणजे पाखरंच की! काका काय मांजरासाठी दाणे ठेवतील?"

"खाल्लं असतं तर काका रडले असते. रागावले, म्हणजे नुसतं घाबरवलं!"

"पण मांजर नवीन असणार! नाहीतर काल दाणे कसे संपले?"

साहेबांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांनाच कुणी पहिला नंबर दिला. "वा! वा! अहो, शब्दाशब्दाच्या मधलं वाचताहेत ही पोरं! बोला, बोला!"

चष्मा काही जागेवर बसत नव्हता, त्यामुळे बोट काही खाली येत नव्हतं. दाण्यांवरचं मनातलं संपलं. बोट वरच. मुलांनी मग मनात आणखी काय आहे ते शोधलं.

"साहेब," हळूबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "बोट... तेवढं बोट खाली घ्या हो!"

"असू द्या, बाई! बोलू द्या त्यांना!"

आणि मागच्या बाकावरून स्पष्ट आवाज आला, "साहेबांच्या पँटीवर हिरवे पट्टे आहेत."

  मोठ्या बाईंच्या हातातला हारसुद्धा ओघळायचा थांबला.

सुसाट पुन्हा उभी राहिली. या वेळी ती मुळीच सुसाट नव्हती. एकेक पायरी उतरावी तशी बोलली. "पट्टे बाकाच्या मापाचे आहेत. म्हणजे साहेब बाकावर बसले. रंग ओला होता. समोर कागद होता. कागद साहेबांनी वाचला, आम्ही खिडकीतून पाहिलं. पूर्ण वाचला. तरी उठले नाहीत." ती थांबली. बोट कानशिलावर घट्ट दाबलं. आणि अतिशय मायेने म्हणाली, "म्हणजे साहेबांना वाचता येतं. पण अर्थ लागत नाही."

मोठ्या बाईंनी टेबलाचा आधार घेतला. हळूबाईंनी डोळे मिटले आणि मनात देवाचं नाव घेतलं.

किराणा दुकानदाराचा मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "असू दे, साहेब. मागे जाऊन पुन्हा वाचायचं असतं. आमच्या बाई पण तसंच करतात."

साहेबांनी मान वळवून आपली पँट जमेल तेवढी पाहिली. मग ते वर्गाबाहेर निघाले. थेट खांबाशी. त्यांच्यामागे अख्खा वर्ग, मुलांमागे हळूबाई, सगळ्यात शेवटी, पाय ओढत, मोठ्या बाई. साहेबांनी चष्मा कानशिलाशी धरला आणि मोठ्याने वाचू लागले.

"'अभ्यागतांना सूचित करण्यात येते, की प्रस्तुत आसनाचे सुशोभीकरण आजमितीस पूर्णत्वास गेलेले नसल्याने संबंधितांनी त्याबाबत योग्य ती दक्षता घ्यावी.'" ते थांबले. "'आसन'... म्हणजे बाक असावा का? 'सुशोभीकरण'... मला वाटलं, फुलंबिलं लावणार असतील. 'योग्य ती दक्षता'... कसली बरं? मी म्हटलं, बाक जपून वापरावा. म्हणून मी अगदी जपून बसलो!"

"'रंग ओला आहे, बसू नका' असं असेल का, साहेब?" सुसाटने विचारलं.

"असेलच. मग तसं का नाही लिहिलं?"

सगळ्या वर्गाने कानशिलाला बोट लावून मोठ्या बाईंकडे पाहिलं. इतकी बोटं, इतका विचार!

साहेब हळूबाईंकडे वळले. "बाई, मुलांचं मनातलं ऐकलं. आता तुमचं सांगा. या सूचनेबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

हळूबाईंचं बोट वळवळलं. मनात काय काय येऊन गेलं, ते इथे लिहिता येणार नाही. सर्वानुमते, सोयीच्या दृष्टीने, सगळं रांगेत उभं होतं. बाईंनी डस्टर असं आवळलं, की खडूची धूळ नाकात गेली. मोठ्या बाई त्यांच्याकडे बघत होत्या. चेहरा चाचणीचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या मुलीसारखा.

"अक्षर," बाई हळूच म्हणाल्या, "फार सुंदर आहे."

खरंही होतं आणि कुणाचं मनही दुखलं नाही! मोठ्या बाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की खांबावरचा कागद हलला.

साहेब मोठ्याने हसले. "वाचनाचा तास ह्याच बाईंकडे राहू द्या. आणि मोठ्या बाई, यापुढे सूचना लावायच्या आधी तिसरीला वाचून दाखवत चला. त्यांना कळली, तर कुणालाही कळेल!"

छापखानाबाई खोडरबर शोधू लागल्या. पण वेळापत्रकात पेनाने लिहून झालं होतं.

*

साहेबांचं पत्र घरी आलं तेव्हा हळूबाईंकडे सगळे जमलेले होते. वन्संसुद्धा. त्या दोन दिवसांसाठी आल्या होत्या आणि अजून होत्या. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून टूथपेस्टची मोठी ट्यूब काढून टेबलावर ठेवली होती आणि एवढंच म्हणाल्या होत्या, "वहिनी, ही माझी." हे त्यांना कुणी सांगितलं, ते सासूबाईंच्या नव्याने सापडलेल्या चष्म्याला ठाऊक.

"वाच, वाच!" सासूबाई म्हणाल्या. "शाबासकीचं आहे म्हणतेस, तर मोठ्याने वाच!"

बाई आधी उजव्या हातावर बसल्या. मग डाव्या हातात पत्र धरून, अभिमानाने, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचलं, "'आपण केलेल्या उल्लेखनीय कार्याची यथावकाश योग्य ती दखल घेण्यात येईल.'"

सगळे कौतुकाने बघत राहिले. मग वर्तमानपत्र हळूच खाली आलं. त्यामागून नवऱ्याचं बोट वर आलं आणि कानशिलाला टेकलं.

"'यथावकाश'... 'योग्य ती'..." तो विचारात पडून म्हणाला. "म्हणजे काही मिळणार नाही!"

पाहतात, तर सासूबाईंचं बोट कानशिलाला, वन्संचं बोट कानशिलाला. खोलीत एकच बोट खाली होतं, तेही जिच्याखाली दबलं होतं तिच्यामुळे. हळूबाईंनी पत्राची नीट घडी घातली.

"अक्षर," त्या हळूच म्हणाल्या, "छान आहे नाही?"

पत्र टाइप केलेलं होतं.